मिस्त्रीची बाकी

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात पेन सापडत नाही, आणि सापडलेच तर ते क्रेटवर नंबर टाकायला जाते. यंदा माल जरा लवकर संपला, म्हणून माळा आवरायला घेतला. त्यात नानांच्या वह्या निघाल्या.

नाना म्हणजे आमचे वडील. दिंडोरीत ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना वेगळे सांगायला नको. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, प्रत्येक माणसाला एक पान, आणि हिशेब मिटला की त्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. ती रेघ ओढताना ते हातातला चहासुद्धा बाजूला ठेवत. २००७-०८ च्या वहीतल्या सगळ्या पानांवर अशी रेघ आहे. एका पानावर नाही. वर लिहिलंय, "मिस्त्री पॅकिंगवाले, ११ माणसे." खाली, "६ दिवस, रोज १२०, एकूण ७,९२०. रोख दिले १,५००. देणे ६,४२०." देणे या शब्दाखाली दोन रेघा. आणि अगदी तळाला एका गावाचे नाव.

ते पान बघितल्यापासून चार दिवस डोक्यातून जात नाही. त्या निमित्ताने इकडचे तिकडचे बरेच आठवले, काही जुने पुन्हा वाचून काढले. ते सगळे आज लिहितोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर २००८ चा फेब्रुवारी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे काढणीचा ऐन हंगाम. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढचे सगळे काम तारखेवर चालते. डिपिंग, विरळणी, शेंडा मारणे, औषधांच्या फवारण्या... आणि एकदा माल तयार झाला की तो कुणासाठी थांबत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो. द्राक्ष वेलीवर जास्त राहिले की देठ वाळतो, मणी गळायला लागतात, आणि तेवढ्यात एखादी पावसाची सर आलीच तर मणी तडकून बाग डोळ्यांदेखत जाते. म्हणून काढणीच्या महिन्यात माणसांची खरी किंमत कळते. बागेतल्या कामाला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या असत, अजूनही असतात. पॅकिंगला मात्र उत्तरेकडची मंडळी. एरवी शेतकरी जागेवरच व्यापाऱ्याशी सौदा करतो आणि व्यापारीच आपली माणसे घेऊन येतो. त्या वर्षी नानांच्या मनात आले की मधला माणूस नको, आपणच पॅक करू आणि माल दिल्लीच्या आडतीला पाठवू. त्यामुळे ही अकरा माणसे थेट आमच्या शेडमध्ये, आमच्या हिशेबात होती.

त्यांचा म्होरक्या देवरियाकडचा. नाव होते त्याला, पण सगळे मिस्त्रीच म्हणत. घड तळहातावर घेणाऱ्याला तो ओरडे. देठाला धरायचे, कात्रीने खराब मणी काढायचे, आणि मण्यावरची पांढुरकी लव अजिबात पुसू द्यायची नाही, कारण दिल्लीचा आडत्या आधी ती बघतो. त्याची बायको आणि मुलगी सातपूरला एका खोलीत राहात. भाऊ तिथल्या एका कारखान्यात होता. मुलगी मराठी शाळेत दुसरीत. एका रविवारी तो तिला शेडवर घेऊन आला होता. नानांना मुलांचे पाढे घ्यायची भारी हौस. तिने अकराचा पाढा कुठेही न अडखळता म्हटला, वर आमच्या घरातल्या दोन पोरांना तो येत नाही म्हणून हसलीसुद्धा. नानांनी तिला दहाची नोट दिली.

३ फेब्रुवारीला मुंबईत शिवाजी पार्कजवळ मनसे आणि समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांची हाणामारी झाली. मग टॅक्सीवाले, भेळवाले, दूधवाले यांना मारहाण केल्याची दृश्ये रोज टीव्हीवर. आमच्याकडे आधी कुणी फार मनावर घेतले नाही. पण आठवड्याभरात नाशिकच्या सातपूर-अंबडकडून कुजबुज यायला लागली की माणसे खोल्या सोडताहेत. १३ तारखेला, बुधवारी, राज ठाकरे यांना मुंबईत अटक झाली. त्याच दिवशी जामीनही झाला, पण तोवर राज्यभर दगडफेक झालेली होती. नाशिकमध्येही झाली. ओझरच्या एचएएलमधला एक कर्मचारी एसटी बसवर पडलेल्या दगडाने गेला. तो मराठीच होता. एचएएल म्हणजे आमच्या जानोरीच्या शिवेला लागून, इकडच्या कितीतरी घरांतली माणसे त्या वेळेला त्याच रस्त्याने कामावरून परत येतात. बातमी कळली तेव्हा आपला कोण कुठे आहे हे विचारायला गावभर फोन चालू होते.

रात्री मिस्त्रीच्या भावाचा फोन आला. खोली सोडली, बायको-मुलीला घेऊन स्टेशनला निघतोय, तूही ये. नाना म्हणाले, दोन दिवस थांब, शेडमधून बाहेर पडू नका, आमच्या गावात तुम्हाला कोणी बोट लावणार नाही. आणि ते खरे होते, गावात कोणी काही केलेही नसते. मिस्त्री म्हणाला, "नाना, यहाँ तो आप हैं. रास्ते में तो आप नहीं होंगे न."

नाना गप्प झाले. मग घरातली रोकड बघितली. दिल्लीची पट्टी पुढच्या आठवड्यात यायची होती, तोवर घरात पैसा नव्हता. आडतीला माल पाठवणाऱ्या कुणालाही विचारा, फेब्रुवारीत घरात फक्त द्राक्ष असते. बायकोने डब्यातले काढले, शेजारून थोडे घेतले, सगळे मिळून १,५०० झाले. नानांनी वही काढली, मिस्त्रीसमोर लिहिले, त्याच्याकडून गावाचे नाव विचारून घेतले आणि सांगितले, "पट्टी आली की मनिऑर्डर करतो." मिस्त्रीने पानाकडे बघितलेही नाही. त्याची नजर माझ्या पिकअपकडे होती.

रात्री दोनला मी त्यांना घेऊन निघालो. अकरा माणसे मागच्या हौद्यात, पुढे चार रिकामी क्रेट लावलेली, वरून ताडपत्री. बाहेरून माल वाटावा म्हणून. म्हसरूळच्या पुढे रस्त्यावर टायर जळल्याचा वास होता. आणि आता जे लिहितोय ते नानांना शेवटपर्यंत माहीत नव्हते. मी त्यांना नाशिकरोडला सोडलेच नाही. द्वारकेपर्यंत गेलो, पुढे दहा-पंधरा जण घोळक्याने उभे दिसले, आणि मला गाडीच्या काचांची भीती वाटली. गाडीचे हप्ते चालू होते. मी सगळ्यांना तिथेच उतरवले आणि गाडी वळवली. तिथून स्टेशन सात-आठ किलोमीटर आहे. ते घोळक्यातले लोक कोण होते हेही मी बघितले नाही. कदाचित तेही गाडी पकडायलाच निघालेले असतील. घरी येऊन नानांना सांगितले, "सोडले स्टेशनवर."

असो. त्या आठवड्यात नाशिकमधून सुमारे १५,००० आणि पुण्यातून २५,००० माणसे निघून गेल्याचे आकडे तेव्हा छापून आले होते. असल्या वेळचे आकडे अंदाजाचेच असतात, पण नाशिकरोडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती हे ज्यांनी पाहिले ते सांगत. कारखान्यांत माणसे नव्हती, बांधकामे थांबली. उद्योगांचे नुकसान शेकडो कोटींत मोजले गेले. आमच्या शेडमध्ये माल पडून होता. घरातल्या बायका, आम्ही भाऊ, शाळा बुडवून पोरे, सगळे बसलो, पण घड धरायचा कसा इथून सुरुवात! निम्मा माल शेवटी बेदाण्याच्या भावात गेला. नानांनी त्याबद्दल कधी कुणाला दोष दिला नाही. पट्टी आली तेव्हा मात्र ते पोस्टात गेले, आणि त्या पत्त्यावर पैसे पोचायचे नाहीत एवढे ऐकून परत आले. मिस्त्रीचा मोबाइल बंद होता, नंतर तो नंबर दुसऱ्याच कुणाचा झाला. पुढच्या हंगामात पॅकिंगवाले आले, पण ते दुसरे. मिस्त्री आला नाही. त्या पोरीने दुसरीची परीक्षा कुठे दिली, की दिलीच नाही, कोण जाणे. नाना २०१९ ला गेले.

आता यात कायदा कुठेच नव्हता हे लक्षात घ्या. आपल्या राज्यघटनेच्या १९व्या कलमात भारतात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क आहे. आपल्याकडे माणसाला जिल्ह्याबाहेर काढायचा कायदाही आहे, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या ५५ ते ५७ कलमांखाली गुंडाला तडीपार करता येते. पण त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठीच काढता येते. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या नामचीन माणसाला जेवढे मिळते तेवढेही त्या अकरा जणांना मिळाले नाही. त्यांना एका रात्रीची मुदत मिळाली, तीही आपल्या मनाची.

कायद्याने काढले तर बरे होते का? हा प्रश्न पडला तेव्हा मला १९९८ ची गाडी आठवली.

त्या वर्षी युतीच्या सरकारने मुंबईतल्या बेकायदा बांगलादेशींना बाहेर काढायची मोहीम जोरात घेतली. पकडले गेले त्यांत जरीकाम करणारे बंगाली मुसलमान कारागीर बरेच. हे लोक लहान लहान खोल्यांत लाकडी चौकटीवर कापड ताणून बसत आणि मुंबईच्या कपड्यांच्या धंद्याला लागणारी कारागिरी करत. त्यांना पोलीस बंदोबस्तात कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे पाठवत. म्हणजे आपल्या नाशिकरोडवरूनच! जुलै १९९८ मध्ये ही गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी अडवली. पुढे फॉरवर्ड ब्लॉकचा आमदार होता. लोकांनी डब्यातल्या माणसांना उतरवून घेतले. पश्चिम बंगाल सरकारचे म्हणणे असे की यातले अनेक आमचेच नागरिक आहेत, आम्हाला विचारल्याशिवाय तुम्ही परस्पर ठरवता कसे? उलुबेरियाच्या आसपासचा सगळा भाग जरीकामाचा. ज्यांनी गाडी अडवली त्यांच्या घरचेच कोणी ना कोणी मुंबईत त्या चौकटीवर बसलेले.

यातली मेख १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात होती. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे आपण परके नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर संशय आहे त्याचीच. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, पण ही तरतूद राहिली. मला वाटते कुठलाही देश आपल्या हद्दीत कोण आले हे विचारणारच, आणि विचारावे. खोटी कागदे करून देणारे आपलेच दलाल असतात, तेही धरावेत. पण तुमच्यापैकी किती जणांना आत्ता, या क्षणी, आई-वडिलांचा जन्मदाखला काढून दाखवता येईल? माझ्या नानांचा नव्हता. शाळेच्या दाखल्यावर १ जून होती, त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. आम्ही मराठी बोलतो म्हणून कुणी विचारत नाही, एवढेच.

२७ वर्षांनी पुन्हा तेच. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आले. मग तिकडच्या सरकारने कागद दाखवले, दोन्ही बाजूंच्या सीमा दलांची ध्वजबैठक झाली आणि त्यांना परत आणले. काम करता करता उचललेली माणसे ती, इथल्या मालकाकडची त्यांची बाकी कुणी नेऊन दिली असेल असे मला वाटत नाही. (आणि गंमत अशी की बांगलादेश हे आपल्या द्राक्षाचे मोठे गिऱ्हाईक. त्यांनी आयात शुल्क वाढवले की इथे आमच्या पोटात गोळा येतो.)

आता जरा लांब जातो, पण द्राक्षाचा धागा धरूनच. आपल्याकडची थॉम्पसन सीडलेस ही जात. तास-ए-गणेश, सोनाका या तिच्याच लेकी. या थॉम्पसनला नाव मिळाले ते कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचे, वेल मूळची त्याच्याही पूर्वेकडची. तर त्या कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा अमेरिकेने १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून मजूर आणायला सुरुवात केली. त्यांना ब्रासेरो म्हणत. त्यांच्या भाषेत ब्रासो म्हणजे हात. नावच असे की हात तेवढे या, बाकीचा माणूस घरी ठेवा. १९६४ पर्यंत सुमारे ४६ लाख करार झाले. बायका-मुलांना आणायची सोय त्यात नव्हती.

त्याच काळात कराराबाहेर आलेलेही लाखो होते, कारण मळेवाल्याला कराराच्या कटकटीपेक्षा ते स्वस्त पडत. मग १९५४ मध्ये सरकारने लष्करी थाटात मोठी धरपकड केली. गाड्या, रेल्वे, जहाजे भरभरून माणसे मेक्सिकोत नेऊन सोडली. पकडलेल्यांत काही अमेरिकेचे नागरिकही होते. यातला सगळ्यात मासलेवाईक प्रकार त्याच्या थोडा आधीचा आहे. बेकायदा सापडलेल्या मजुराला सीमेपर्यंत न्यायचे, पलीकडे पाऊल टाकायला लावायचे आणि त्याच पावली करारावर सही घेऊन परत त्याच मळ्यात आणायचे! म्हणजे मालकाचे कामही अडत नाही आणि कायद्याचे पोटही भरते.

१९६४ अखेर ब्रासेरो करार बंद झाला. मळेवाले आक्रोश करत होते, पीक कुजेल, आम्ही बुडू. सरकारचे म्हणणे होते की परके गेले की आपल्या मजुरांचे रोज वाढतील. झाले काय? टोमॅटोवाल्यांनी यंत्र आणले. डेव्हिसच्या विद्यापीठात जाड सालीचा टोमॅटो आणि तो तोडणारे यंत्र दोन्ही तयार झाले होते, पाच-सहा वर्षांत तिकडचा कारखान्याला जाणारा टोमॅटो जवळपास सगळा यंत्राने निघू लागला. आणि रोज? २०१८ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे काढून तपासले, तर जिथून ब्रासेरो गेले तिथल्या स्थानिक शेतमजुरांचे रोज इतर राज्यांपेक्षा काही जास्त वाढले नव्हते. खायच्या द्राक्षाला मात्र यंत्र निघाले नाही. तो घड आजही तिथे हातानेच निघतो, देठाला धरून. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप केला, मेक्सिकन त्यांना येऊन मिळाले आणि पाच वर्षांनी मळेवाल्यांना करार करावे लागले. रोज वाढले ते असे.

हे वाचताना एक गोष्ट टोचत होती, ती लिहून टाकतो. मळेवाल्यांचा आक्रोश आणि माझा आक्रोश एकच आहे. "मजूर मिळत नाहीत" असे आम्ही म्हणतो तेव्हा पुढचे दोन शब्द गिळतो, "याच रोजात". मिस्त्री गेल्यावर आम्हाला सगळ्यांना वाईट वाटले हे खरे, पण त्यात मालाचे वाईट किती आणि माणसाचे किती हे मला आजही सांगता येणार नाही. २०२० च्या १ मेला टाळेबंदीतल्या पहिल्या श्रमिक गाड्या निघाल्या, त्यांत भोपाळ आणि लखनौच्या दोन नाशिकरोडहूनच होत्या. तेव्हाही तालुक्यात पहिला प्रश्न हाच होता की छाटणीला येणार कोण.

ब्रासेरोंची आणखी एक गोष्ट, जी वाचून मी वही पुन्हा उघडली. १९४२ पासून १९४९ पर्यंत त्यांच्या मजुरीतले दहा टक्के कापून घेत. बचत म्हणून. मेक्सिकोला परत गेलात की तुमच्या बँकेतून मिळतील. अमेरिकेच्या बँकेतून ते मेक्सिकोच्या बँकेत गेले आणि तिथे मुरले. बहुतेकांना दमडी मिळाली नाही. नव्वदीच्या अखेरीस म्हातारे झालेले ब्रासेरो आणि त्यांच्या विधवा रस्त्यावर उतरल्या. २००५ मध्ये मेक्सिकोने प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचे ठरवले, पण त्यासाठी जुन्या कराराचा कागद दाखवा म्हणाले. साठ वर्षांपूर्वीचा!

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. आम्ही शेडमध्ये पॅकिंग करता करता मोबाइलवर बघत होतो. गावातले दोघे-तिघे म्हणत होते, चोरून गेले तर असेच होणार. पॅकिंगवाल्यांपैकी एक जण, हाही देवरियाकडचाच, बराच वेळ बघून म्हणाला, "सेठ, इनका पैसा तो वहीं रह गया होगा."

बेड्यांकडे बघून मला हे सुचले नसते.

माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे. (तो हे वाचतो, त्याला विचारूनच लिहितोय.) चोरून गेलेला नाही, शिकून, कागद करून गेलेला. साडेनऊ वर्षे झाली. मुलगी तिथे जन्मली, ती तिथली नागरिक, हे दोघे नाहीत. त्याच एप्रिलात त्याची नोकरी गेली. नियम असा की ६० दिवसांत दुसरा मालक मिळवा, नाहीतर देश सोडा. इतकी वर्षे तो तिथल्या सरकारी पेन्शनसाठी पगारातून पैसे भरतोय. ते मिळायला साधारण दहा वर्षांची भरणी लागते, आणि भारताचा अमेरिकेशी तसा करार नसल्याने इथली वर्षे त्यात धरत नाहीत. म्हणजे सहा महिने आधी निघावे लागले की भरलेले तिकडेच. चाळिसाव्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, साठ दिवसांत गाडी विकता येते हो. घर नाही विकता येत." मुलीला काय सांगितलेस विचारले, तर म्हणे काहीच नाही, तिच्या शाळेचे वर्ष जूनपर्यंत आहे, तेवढे होऊ दे. २०११ मध्ये अलाबामात कडक कायदा आला, तेव्हा एका दिवशी दोन हजारांवर स्थलांतरितांची मुले शाळेतच आली नव्हती असे मी वाचले होते. आपल्या घरातली पोर त्या ओळीत धरावी लागेल असे तेव्हा वाटले नव्हते. पुतण्याला ५३ व्या दिवशी काम मिळाले. पगार कमी आहे, पण मिळाले.

तेव्हा वहिनी रोज देवापुढे दिवा लावून बसत. मी त्यांना म्हणालो, होईल सगळे नीट, त्याच्याकडे सगळे कागद आहेत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्या मिस्त्रीकडे काय नव्हतं?" एवढ्या वर्षांनी त्यांच्या तोंडी मिस्त्रीचे नाव ऐकून मी चपापलो. त्या रात्री डब्यातले पैसे काढून देणाऱ्यांत त्याही होत्या.

परवा हंगाम संपवून निघायच्या आधी पॅकिंगवाल्यांचा हिशेब केला. आता रोज वेगळा, आणि पैसे मोबाइलवर जातात, मनिऑर्डर कोण करतो? सगळ्यांचे झाल्यावर त्या देवरियावाल्याला नानांचे पान दाखवले. द्वारकेची गोष्टही सांगितली. त्याने त्यावर काही म्हटले नाही. गावाच्या नावावर बोट ठेवून मला वाचायला सांगितले. मी वाचले, "पिंपरा".

तो हसला. "पिपरा होगा, सेठ." नानांनी आपल्या पिंपळगावच्या कानाने ऐकले आणि वर अनुस्वार देऊन टाकला. मी म्हटले, मग सापडेल की. तो म्हणाला, आमच्याकडे पिपरा एक नाही, ज्याला त्याला पुढे-मागे काहीतरी जोडलेले असते, नुसत्या पिपऱ्यावर कोण सांगणार? मिस्त्रीचे खरे नाव काय होते?

नाव आठवायला मी बराच वेळ घेतला. नाही आठवले. वहिनींना विचारले, त्यांनाही नाही. त्याने पानाचा फोटो काढून त्यांच्या गावाकडच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, २००८, नाशिक, दिंडोरी, पॅकिंग, बेटी मराठी में पढ़ती थी. अजून कुणाचे काही आलेले नाही.